मूळ संख्यांची साद : कार्ल सेगन

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका ज्यू कामगार कुटुंबात ९ नोव्हेंबर १९३४ रोजी कार्ल सेगन यांचा जन्म झाला. बालपणी त्यांनी ग्रंथालयात तारकांविषयी पुस्तक मागितले, तेव्हा हाती पडले ते चित्रतारकांचे! योग्य पुस्तक मिळाल्यावर सूर्य हाही एक ताराच आहे, हे त्यांस कळले आणि आयुष्याची दिशा ठरली.

शिकागो येथे शिक्षण घेऊन ते पुढे कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाले. ‘कॉसमॉस’ मालिकेने त्यांना जगभर कीर्ती दिली. आम्हांस मात्र त्यांची १९८५ सालची ‘कॉन्टॅक्ट’ ही कादंबरी अधिक मोलाची वाटते. तीत अभिजित ताऱ्याकडून रेडिओ-स्पंदने येतात : २, ३, ५, ७, ११... केवळ मूळ संख्या. येथे नुसता नियमितपणा का पुरला नसता? १९६७ साली अवकाशातून ठरावीक अंतराने येणारी स्पंदने आढळली आणि परग्रहवासीयांची शंका क्षणभर चाटून गेली. ते निघाले फिरते न्यूट्रॉन तारे. मूळ संख्या क्रमाने मोजणारा तारा मात्र ज्ञात नाही. तेथे कोणीतरी विचार करीत असले पाहिजे.

हे केवळ कल्पनारंजन नव्हते. १९७४ साली अरेसिबोहून पाठविलेला, फ्रँक ड्रेक यांनी सेगन आदींच्या साहाय्याने रचलेला संदेश १६७९ चिन्हांचा होता. २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार. म्हणून ती चिन्हे ओळींत मांडून चित्र उमटवायचे, तर या दोनच संख्या हाती येतात. (१९७७ सालच्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीची निवडही सेगन यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. गोव्याच्या केसरबाई केरकर यांचा स्वर तीत आहे, आणि मराठीतील अभिवादनही.)

कादंबरीत त्या निर्मळ संख्यांच्या आड दडलेले पहिले चित्र उलगडते ते हिटलरचे : १९३६च्या ऑलिंपिकचे पृथ्वीवरूनच गेलेले प्रक्षेपण. ज्यू घरात वाढलेल्या लेखकाने हे सहज लिहिले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

नायिका एली दूरच्या ताऱ्यांपर्यंत जाऊन येते. पण पुरावा उरत नाही, आणि तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही. परग्रहावरील बुद्धीचा आयुष्यभर ध्यास घेतलेल्या सेगन यांनी आपल्या नायिकेलाही पुराव्यातून सूट दिली नाही. ती पुन्हा संख्यांकडेच वळते. पायच्या अनंत दशांश अंकांत खूण शोधू लागते.

२० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी सेगन यांचे निधन झाले. कादंबरीवरील चित्रपट त्यानंतर सातव्या महिन्यात प्रदर्शित झाला.