बापूंचा रक्तदाब

मागच्या एका रविवारी आमच्या वस्तीच्या समाजभवनात रक्तदाब तपासणीचे शिबिर होते. दोन टेबले, चार खुर्च्या, दंडाला पट्टा बांधणाऱ्या दोन मुली आणि नाव-वय लिहून घ्यायला मी. सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे वही दिसली की ती माझ्यापुढे सरकवायची, अशी वस्तीत रीतच पडली आहे. सकाळी फिरून आलेली मंडळी रांगेत बसली. एक गृहस्थ मात्र दारातच अडून राहिले. बायको आत ओढत होती आणि ते हात जोडून सांगत होते की आपण असे काडीपैलवान, रोज अंबाझरीला तासभर चालतो, शुद्ध शाकाहारी, खर्ऱ्याला कधी हात लावला नाही. आपल्याला कुठले आले ब्लडप्रेशर?

त्यांना हाक मारता मारता मला आणखी एका काडीपैलवानाची आठवण झाली. तोही शाकाहारी, तोही सकाळ-संध्याकाळ चालणारा. व्यसन नावालाही नाही. आपल्या नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, मातीच्या कुडाच्या झोपडीत तो माणूस राहून गेला. त्याचे वजन ४६.७ किलो आणि उंची १६५ सेंटिमीटर अशी नोंद आहे. आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी त्याचा रक्तदाब होता २२० वर ११०.

महात्मा गांधींच्या आयुष्यावर इतके लिहिले गेले आहे की आणखी काही लिहायला धीर होत नाही. पण २०१९ साली, त्यांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या प्रकृतीची कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि एक वेगळेच चरित्र समोर आले. सत्याग्रह आणि वाटाघाटी त्यात मागे राहतात. पुढे येते ते एक शरीर, ज्याच्याकडून त्याच्या मालकाने बेसुमार काम करून घेतले.

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला जन्मलेल्या या माणसाची तब्येत मुळात दणकट म्हणावी अशी नव्हती. १९१४ साली लंडनमध्ये फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. १९१८ साली खेड्याच्या मोहिमेनंतर आमांशाने मरणाच्या दारात नेले. शेळीचे दूध सुरू झाले ते त्या दुखण्यातून उठताना. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याचा कैदी म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती चालू असताना वीज गेली, तरी इंग्रज सर्जनने काम तडीस नेले. ही सारी दुखणी दिसणारी, दुखणारी. माणूस आजारी आहे हे त्याला स्वतःलाही कळते आणि घरच्यांनाही.

पुढचे दुखणे तसे नव्हते. मार्च १९२७ मध्ये खादीसाठी महाराष्ट्राचा दौरा चालू होता. रोज अनेक सभा, धूळ, उन्हाळा. कोल्हापूर-निपाणीच्या बाजूला गांधीजी एकाएकी कोसळले. डॉक्टरांनी तपासले तेव्हा रक्तदाब भलताच चढलेला आढळला. वय अवघे सत्तावन्न. दौरा थांबला, आधी आंबोलीला आणि मग म्हैसूर संस्थानातल्या नंदीच्या डोंगरावर काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली.

त्या काळी हा आजार समजून घेणे सोपे नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये. म्हणजे मोजता येत होते, पण उतरवायचे कसे हे धड कुणाला माहीत नव्हते. भरवशाची गोळी नव्हती. विश्रांती घ्या, चिंता करू नका, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. आणि ते सांगायचे कुणाला, तर गांधींना.

१९३० साली साबरमती सोडताना स्वराज्य मिळेपर्यंत आश्रमात परतणार नाही अशी प्रतिज्ञा त्यांनी केली होती. जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला आणले. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम सुरू झाले. तिथेच डिसेंबर १९३५ मध्ये रक्तदाबाने पुन्हा गाठले आणि पुढचे कित्येक आठवडे काम बंद पडले. त्यातून उठल्यावर ३० एप्रिल १९३६ ला, विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात, सहासष्ट वर्षांचा हा माणूस वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेला. साप-विंचवांचे, हिवतापाचे ते गाव. त्याच वर्षी हिवतापाने त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात आणून टाकले. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झाले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते कलकत्त्याला गेले. बंगालमधल्या राजबंद्यांच्या सुटकेची किचकट बोलणी होती. २६ ऑक्टोबरचा आकडा कागदपत्रांत आहे : १९४ वर १३०. आज १४० वर ९० ही धोक्याची रेघ मानतात हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा अर्थ कळतो. डिसेंबरात त्यांना सक्तीने जुहूच्या समुद्रकाठी ठेवावे लागले. २२० वर ११० हा आकडा फेब्रुवारी १९४० मधला, तोही बंगालच्याच दौऱ्यातला. त्याच दौऱ्यात ते कस्तुरबांसह शांतिनिकेतनला रवींद्रनाथांना भेटले होते.

इथे मिठाची गंमत सांगायला हवी. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. मीठ आणि डाळी सोडून पाहा, असे गांधीजींनी त्यांना सुचवले. तुम्हाला तरी ते जमेल का, असा त्यांचा उलटा सवाल आला आणि नवऱ्याने तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडले. दांडीला जाऊन मिठाचा कायदा मोडणारा हा माणूस स्वतः जिभेचे चोचले न पुरवणारा. आपण नागपूरकर तर्रीत, लोणच्यात, पापडात किती मीठ खातो याचा हिशेब ठेवत नाही. दिवसाला सारे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे. ती पाळलीच पाहिजे. पण गांधीजींकडे पाहिले की हेही कळते की जेवण साधे आणि अंग सडपातळ असले तरी रक्तदाब चढू शकतो. वय आणि घराण्याचा वारसा यांचाही त्यात हात असतो. म्हणून तो चेहऱ्यावरून ओळखायचा नसतो, मोजायचा असतो.

आणि गांधीजींनी तो मोजू दिला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा होती, पाश्चात्त्य औषधांवर त्यांनी कठोर टीका केलेली होती. पण यंत्राने दाखवलेला आकडा त्यांनी कधी नाकारला नाही. डॉ. जीवराज मेहता तपासत, पुढे डॉ. सुशीला नायर सेवाग्रामला आल्या आणि त्यांची प्रकृती सांभाळू लागल्या. कपाळावर आणि पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या, मालीश, टबातले स्नान, ठरलेली झोप, सोमवारचे मौन असा दिवस बांधलेला होता. सर्पगंधाचे थेंबही ते घेत. या मुळीवर कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये आपल्या रुग्णांचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले, तेव्हा जगाने तिची दखल घेतली.

दुसरी गोष्ट, त्यांनी आजार लपवला नाही. आपल्या रक्तदाबाविषयी ते हरिजन साप्ताहिकात लिहीत, पत्रांतून मोकळेपणाने कळवीत. वर्तमानपत्रांतून त्यांच्या तब्येतीच्या बातम्या येत आणि घराघरांत वाचल्या जात. याच काळात अमेरिकेत काय चालले होते ते पाहा. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब सतत चढत होता, पण लोकांना सारे ठीक असल्याचे सांगितले जाई. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय त्रेसष्ट. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ साली, फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात पाच हजारांवर माणसांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचा उपक्रम सुरू झाला. न दुखणारा रक्तदाब हृदय आणि मेंदू कसा पोखरतो, हे जगाला नीट कळले ते त्यातून.

वर्ध्याने तो धडा आधीच घेतला होता. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी मेंदूतल्या रक्तस्रावाने अचानक गेले. वय बावन्न. गांधीजींनी ज्यांना पाचवा मुलगा मानले होते ते असे गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले, वय पन्नास. हेच महादेवभाई वर्ध्याच्या उन्हात मगनवाडी ते शेगाव अशी कैक मैलांची पायपीट रोज करीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा त्याच बंदिवासात गेल्या. भोवतालची माणसे अशी एकामागून एक गळत असताना, वाढलेला रक्तदाब अंगात घेऊन फिरणारा म्हातारा मात्र एकवीस दिवसांचा उपास पार करून, नोआखालीत अनवाणी चालून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला. ३० जानेवारी १९४८ ला त्यांना आजाराने नेले नाही. पथ्य, विश्रांती आणि वेळच्या वेळी तपासणी यांचा त्यात किती वाटा होता हे सांगता येत नाही. पण आपला आकडा त्यांना ठाऊक होता, एवढे निश्चित.

माझ्या नोकरीत एका तालुक्याच्या गावी आमचा कॅशियर असाच गेला. मार्चअखेर होती. रोकड जुळली, तिजोरीची किल्ली माझ्या हाती दिली आणि तो खुर्चीतच कलंडला. वय सत्तेचाळीस. नंतर त्याच्या बायकोने विचारले की यांना कधी काही होत होते का, तुमच्यापाशी बोलले का? शाखेतला पै न् पैचा हिशेब आम्ही रोज संध्याकाळी जुळवत होतो, पण रोज शेजारी बसणाऱ्या माणसाचा रक्तदाब कधी कुणी मोजला नव्हता. माझाही नव्हता. त्यानंतर मी मोजला, आणि आज वीस-बावीस वर्षे गोळी घेतो आहे.

गांधीजी २५ ऑगस्ट १९४६ ला सेवाग्रामहून निघाले ते परत आलेच नाहीत. पण गाव थांबले नाही. कस्तुरबांच्या नावाने तिथे रुग्णालय झाले. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तिथे जाऊन राहते आणि घरोघरच्या माणसांची प्रकृती जाणून घेते. २०१७ च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते. गावातल्या आरोग्य केंद्रात मोजायचे, तिथेच गोळी द्यायची आणि दर महिन्याला नोंद ठेवायची, अशी साधी पद्धत.

साधी, पण माणसे येत नाहीत. जगात ज्यांना हा विकार आहे त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना त्याचा पत्ताच नसतो. ज्यांना असतो, त्यांतलेही कैक जण आकडा खाली आला की गोळी सोडून देतात. तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो. बापूंना तशी गोळी मिळाली नाही. आपल्याला ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावे. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि बोलू नये. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये, पुन्हा मोजावा, आणि डॉक्टरांना दाखवावा.

दारातल्या त्या गृहस्थांना मी हे सेवाग्रामचे आकडे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चपला काढून आत आले आणि खुर्चीवर बसले. मुलीने एकदा मोजले, त्यांच्याकडे पाहिले आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजले. तिने सांगितलेला आकडा मी त्यांच्या नावापुढे लिहिला आणि त्याच्याखाली लाल रेघ मारली. त्यांच्या पत्नीने दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची वेळ माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतली.