शेऊरच्या बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

गेल्या चातुर्मासात पूस नदीच्या काठच्या पुसद गावी आमची कीर्तनसेवा झाली. आख्यान संत बहिणाबाईंचे लावले होते. आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठली, आणि एक प्रौढ माउली मागे थांबल्या. पदराआडून त्यांनी एक वही काढली. घरात सोसलेले, कुणाजवळ बोलता न आलेले असे जे काही असेल ते त्या रात्री देवापुढे बसून लिहीत. पण घरची गोष्ट कागदावर मांडणे हा दोष तर नव्हे, असा खटका मनाला लागलेला. वही नदीत सोडून द्यावी काय, एवढेच त्यांना विचारायचे होते.

सज्जनहो, वही बुडवायची म्हटली की वारकऱ्याच्या काळजात काय होते ते सांगायला नको. इंद्रायणीच्या डोहाची आठवण कोणाला होत नाही? शिवाय आमचे आम्हालाच वर्म लागले. कारण बहिणाबाईंच्या चरित्रातला एक प्रसंग आम्ही त्या रात्रीही गाळला होता. वर्षानुवर्षे गाळत आलो होतो. भरल्या सभेत तो बोलणे बरे दिसत नाही, असे आम्हाला वाटे.

म्हणून ते चरित्र आज येथे पुरते सांगतो. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या वेगळ्या, त्या विसाव्या शतकातल्या.) आमच्या बहिणाबाईंचा जन्म शके 1550, म्हणजे इ.स. 1628 चा. गाव वेरूळच्या बाजूचे देवगाव, हल्लीच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लेकरू तीन वर्षांचे असताना लग्न झाले. नवरा शिवपूरचा, म्हणजे आजच्या शेऊरचा गंगाधर पाठक. ज्योतिषी, विद्वान, पण बिजवर आणि तिशीतला! पुढे भाऊबंदकीच्या तंट्यापायी सगळ्यांनाच घर सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत, कुठे भिक्षा मागत, हे कुटुंब कोल्हापुरास येऊन एका वैदिक ब्राह्मणाच्या घरी टेकले. तेव्हा बाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या.

तिथे दानात एक गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्यांच्या हातचेच पाणी ते पिई, आणि कथेलाही त्यांच्या मागे येई. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी दाटली म्हणून कुणीतरी वासरू बाहेर काढले. ते हंबरू लागले, इकडे ही पोर रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणविले आणि दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. गावात त्याची चर्चा झाली.

आता आम्ही गाळीत असू तो भाग. ती चर्चा नवऱ्याच्या कानी गेली. त्याने बायकोला वेणी धरून ओढले, मार मार मारले. काही दिवसांनी ते वासरूही गेले. त्या दुःखात बाई बेशुद्ध पडून राहिल्या, आणि त्यातूनच त्यांना तुकोबारायांचा ध्यास लागला. प्रत्यक्ष भेट नाही, देहू दूर, तरी स्वप्नात तुकोबांनी येऊन अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, आणि लोकांनी तिच्या पाया पडायला यावे, हे गंगाधरपंतांना सोसेना. बायकोला टाकून निघून जायचे त्यांनी ठरविले. ठरविले खरे, पण तापाने अंथरूण धरले. महिनाभर बाईंनी त्यांची सेवा केली. दुखण्यातून उठले ते पालटूनच, आणि मग कुटुंब देहूस आले. तिथेही मंबाजींचा छळ चुकला नाही. पण तुकोबांचे कीर्तन कानी पडत होते, त्यापुढे बाकीचे काय?

बरं, हे सारे आम्हाला कळले कसे? कुणी बखरकार त्या ओसरीवर बसला होता काय? नाही. हे बाईंनी स्वतःच अभंगांत घालून ठेवले. त्यांच्या गाथ्याचा आरंभच आत्मनिवेदनाचा आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सासुरवाशिणीने मार लपविला नाही आणि स्त्रीजन्माला वेदाची दारे बंद म्हणून झालेली तळमळही लपविली नाही. एकीकडे पती, एकीकडे पांडुरंग, या ओढाताणीत मनाचे काय झाले तेही लिहिले. आणि पहा, नवऱ्याचा राग लिहिला तसा त्याचा पश्चात्तापही लिहिला. चहाडी आणि निवेदन यांत भेद आहे तो इथे. चहाडी दुसऱ्याचे उणे तेवढे सांगते. निवेदन आपल्यासकट सगळ्यांचे खरे सांगते.

भागवतात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली, तीत आत्मनिवेदन ही शेवटची पायरी. पाठशाळेत आम्ही तिचा अर्थ देहमन अर्पण करणे एवढाच शिकलो. तो खराच आहे. पण अर्पण करायचे ते आधी उघडे तर करायला हवे ना! झाकलेली मूठ देवापुढे धरून त्याला काय द्यायचे? बाईंच्या गुरूंनीही तेच केले होते. तुकोबांनी दुष्काळ, दिवाळे, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, हे सारे स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवले.

बाईंना मुलगी काशीबाई, मुलगा विठोबा. शके 1622, म्हणजे इ.स. 1700 मध्ये त्यांनी देह ठेवला. अंतकाळी मुलाला जवळ बसवून त्यांनी आपले मागले बारा जन्म सांगितले, म्हणजे तेव्हाही सांगणे चालूच होते. शेऊरला त्यांची समाधी आहे. 1929 साली जस्टिन ॲबट या अमेरिकन गृहस्थाने त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत नेले. संतांच्या मंदिराचा पाया ज्ञानोबांचा आणि कळस तुकोबांचा हे आपण सगळे जिच्या मुखाने बोलतो, तीच ही बाई. तिने आपले दुःख झाकले असते तर तो कळस तरी एवढ्या विश्वासाने कोण दाखविणार होते?

पुसदच्या त्या माउलींना आम्ही एवढेच सांगितले की वही बुडवू नका. ती कुणाला दाखवायची, कधी दाखवायची, हा त्यांचा अधिकार. पण सोसणे अजून चालूच असेल तर देवाबरोबर एखाद्या जिवाभावाच्या माणसालाही सांगा. बहिणाबाईंनीही मनातले मनात ठेवले नाही. आम्ही वही उघडली नाही, मागितलीही नाही. वहीला बुक्का लावून ती परत दिली.

आणि त्या दिवसापासून बहिणाबाईंचे आख्यान लावले की तो प्रसंग आम्ही गाळीत नाही. सांगताना अजूनही आवाज अडखळतो. पण बाया बसतात त्या बाजूला पाहिले की कळते, तो कुणासाठी लिहिला होता.

रामकृष्णहरि.