एका चालीला अर्धा तास

विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला, तेव्हापासून नाशिककरांना बुद्धिबळाचे कौतुक वेगळे सांगायला नको. संगणकाशी डाव मांडून बसलेला नातू आणि त्याच्याकडे साशंक नजरेने पाहणारे आजोबा यांच्यात एक वाद ठरलेला. पाच मिनिटांच्या झटपट डावात यंत्राची खरी ताकद कळते, की तासन्‌तास चालणाऱ्या डावात? या वादाच्या मुळाशी ॲलन ट्युरिंग हा माणूस आहे.

त्याचे वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. ॲलन २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मला. आईवडील हिंदुस्थानात आणि दोन्ही मुलगे इंग्लंडात परक्या घरी, असे त्याचे बालपण गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता. तिथे इंग्लंडचे नामवंत बुद्धिबळपटूही कामाला होते. ट्युरिंग मात्र पटावर अगदीच बेताचा! हॅरी गोलोम्बेक त्याला हरवी. ट्युरिंगने डाव सोडला की पट फिरवून घेई आणि ती हरलेली बाजूही जिंकून दाखवी.

धावण्यात मात्र तो पक्का होता. १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली. या दोन्ही छंदांची त्याने गंमतशीर सांगड घातली. चाल करायची आणि घराभोवती धावत फेरी मारायची. परत येईपर्यंत समोरच्याची चाल झाली नसेल, तर आपल्याला आणखी एक चाल!

१९४८ च्या सुमारास डेव्हिड चॅम्परनाउन या मित्रासोबत त्याने बुद्धिबळ खेळण्याचे नियम रचले. आपली चाल, त्यावर समोरच्याचे उत्तर, मारामारी असेल तर ती संपेपर्यंत पुढे पाहायचे आणि गुण द्यायचे. ते चालवायला यंत्र तयार नव्हते. म्हणून १९५२ साली मँचेस्टरमध्ये ॲलिक ग्लेनीविरुद्ध ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. कागदावर आकडेमोड करून एकेका चालीला सुमारे अर्धा तास! २९ व्या चालीला वजीर हातचा जाणार हे दिसले आणि कागदी यंत्र हरले.

हा डाव संथ होता खरा, पण तो अर्धा तास विचाराचा नव्हता, हाताने बेरजा करण्याचा होता. तासभर दिला असता तरी नियम तेवढेच पुढे पाहणार. नंतरच्या प्रोग्रॅमचे तसे नाही. वेळ मिळेल तितके ते खोल जातात. पण वेळ माणसालाही मिळतो. १९९४ साली लंडनच्या २५ मिनिटांच्या डावांत चेस जीनियसने कास्पारोव्हला चकवले. संथ डावांच्या लढतीत मात्र १९९६ साली कास्पारोव्हने डीप ब्लूला ४-२ असे नमवले. तिथे यंत्राची सरशी व्हायला १९९७ उजाडावे लागले. माझ्या मते आजोबांची बाजू थोडी जड आहे, जरी शेकडो डाव खेळवून दोन प्रोग्रॅम ताडायला नातवाची रीत सोयीची असली तरी.

ट्युरिंगला यातले काहीच पाहता आले नाही. समलिंगी संबंधांबद्दल १९५२ सालीच त्याला शिक्षा झाली आणि तुरुंगाऐवजी संप्रेरकांचे उपचार सोसावे लागले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. राणीची माफी आली २०१३ साली.

त्याच्या आदल्या वर्षी, जन्मशताब्दीनिमित्त, मँचेस्टरमध्येच त्याचे नियम आधुनिक संगणकावर चढवून कास्पारोव्हसमोर ठेवले गेले. आता आकडेमोडीचा वेळ जवळजवळ शून्य. डाव १६ चालींत संपला, कास्पारोव्ह जिंकला.