लुईस हाइन: बालमजुरीचे पुरावे गोळा करणारा फोटोग्राफर

१९०८ साली न्यूयॉर्कमधल्या एका शिक्षकाने शाळेतली नोकरी सोडली आणि पूर्णवेळ कॅमेरा हाती घेतला. त्यांचं नाव लुईस हाइन.

तेव्हा अमेरिकेत सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी आणि काचेच्या कारखान्यांत लाखो मुलं राबत होती. स्वस्तात मिळणारे हात मालकांना सोडायचे नव्हते. याविरुद्ध लढणाऱ्या ‘नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी’ने हाइन यांना पुरावे आणायला पाठवलं.

कॅमेरा घेऊन आत शिरणं सोपं नव्हतं. मग हाइन कधी बायबल विकणारे बनून जात, तर कधी आगीच्या धोक्याची पाहणी करणारे अधिकारी. आपल्या कोटाचं कोणतं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे त्यांना पाठ होतं. मूल शेजारी उभं राहिलं की त्यावरून ते त्याची उंची ताडत. नाव, वय, कामाचे तास खिशात हात घालून गुपचूप टिपून घेत. नुसता फोटो खोटा ठरवता येतो, नोंदींसह असलेला फोटो नाकारणं अवघड, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९१६ मध्ये अमेरिकेत बालमजुरीविरोधी कायदा झाला, पण दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं.

तोवर हाइन यांना काम मिळेनासं झालं होतं. घरही गेलं. १९४० मध्ये गरिबीतच त्यांचं निधन झालं. या मोहिमेतले त्यांचे पाच हजारांहून अधिक फोटो आज अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये जपून ठेवले आहेत.