शिल्पविद्येचा कुलदीपक : स्थपती प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा

जिनमंदिराच्या पायऱ्या चढताना आपली दृष्टी प्रथम मूलनायकाकडे वळते, मग तोरणांकडे, स्तंभांकडे, घुमटातील कमळाकडे. भिंतीवरील शिलालेखात दात्यांची नावे असतात, प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव असते. पण ज्याच्या छिन्नीने दगडाला रूप दिले, त्याचे नाव बहुधा नसतेच. आपल्या जिल्ह्यातील वेरुळची जैन लेणी पाहताना हेच जाणवते. इंद्रसभेतील अंबिकेची मूर्ती पाहून जगभरचे अभ्यासक थक्क होतात. ती घडविणारे हात मात्र अनामच राहिले. अशा अनाम परंपरेला विसाव्या शतकात ज्यांनी नाव मिळवून दिले आणि तिची विद्या ग्रंथरूपाने समाजाच्या हाती ठेवली, ते थोर स्थपती म्हणजे प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा होत.

प्रभाशंकरभाईंचा जन्म इ. स. १८९६ मध्ये सौराष्ट्रातील पालिताणा येथे झाला. श्री शत्रुंजय गिरिराजाच्या छायेतील हे गाव. मंदिरनिर्मिती हा सोमपुरा समाजाचा पिढीजात व्यवसाय. प्रभासपाटण, म्हणजेच सोमपूर, हे या समाजाचे मूळ स्थान मानले जाते आणि त्यावरूनच त्यांना सोमपुरा हे नाव मिळाले. धर्माने वैदिक असलेल्या या शिल्पींनी शतकानुशतके जिनप्रासाद उभारले. मुंबईचे दानशूर शेठ मोतीशा यांनी शत्रुंजयावर खोल दरी भरून काढून जी भव्य टूंक बांधविली, तिचे स्थपती रामजीभाई हे प्रभाशंकरभाईंचेच पूर्वज. शेठजी १८३६ मध्ये दिवंगत झाले. प्रतिष्ठा पुढील वर्षी त्यांच्या पुत्राने केली. एका घराण्याने धन दिले, दुसऱ्याने विद्या दिली, तेव्हा ते नगर उभे राहिले.

ही विद्या शाळेत शिकविली जात नसे. मुलगा वडिलांसोबत कामावर जाई, गजाने व अंगुळाने मोजायला शिके, रेखांकन पाही आणि हळूहळू सूत्रधार होई. यात मनास येईल तसे काहीच नसते. गाभाऱ्याच्या मापावरून भिंतीची जाडी, पीठाची उंची, मंडोवराचे थर आणि शिखराची रेषा निघते. द्वाराच्या उंचीचे भाग पाडून त्यांपैकी नेमक्या कोणत्या भागात मूर्तीची दृष्टी यावी, हेही शास्त्राने ठरवून दिले आहे. आपण ज्याला केवळ नक्षीचे वैभव समजतो, त्याच्या मुळाशी असे कठोर गणित असते. गजथर, अश्वथर, नरथर यांची ओळही शोभेसाठी म्हणून कुठेही बसविता येत नाही.

मात्र या परंपरेपुढे एक मोठे संकट उभे होते. शिल्पशास्त्राचे संस्कृत ग्रंथ हस्तलिखित पोथ्यांच्या रूपात शिल्पींच्या घरोघरी जपले जात. पिढ्यान्‌पिढ्या नकला होत गेल्या, तसतसे पाठ अशुद्ध झाले, श्लोक गळाले, परिभाषेचे अर्थ धूसर झाले. शिवाय विद्या घराबाहेर गेली तर चरितार्थ जाईल, ही भीती होतीच. पोथी पेटीत आणि अर्थ वडिलांच्या जिभेवर, अशी स्थिती असली म्हणजे एखाद्या घरात वारस नसणे किंवा अकाली मृत्यू होणे यानेसुद्धा ज्ञानाचा एक प्रवाह आटतो.

प्रभाशंकरभाईंनी येथे धाडसाचा निर्णय घेतला. कुलविद्या लपवून न ठेवता ती छापून सर्वांपुढे मांडायची! पोथ्यांचे पाठ शुद्ध करून, गुजराती विवरण आणि मापांसह आकृत्या जोडून त्यांनी ‘दीपार्णव’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जिनप्रासादांचाही विचार आहे. ‘क्षीरार्णव’ १९६७ मध्ये आला. पुढे १९७५ मध्ये ‘भारतीय शिल्पसंहिता’ मुंबईहून प्रकाशित झाला. विख्यात कलेतिहासकार मधुसूदन ढाकी यांच्यासह त्यांनी भारतीय दुर्गरचनेवरही ग्रंथ सिद्ध केला. श्लोकाचा अर्थ पंडित सांगू शकतो. तो दगडात कसा उतरतो, हे केवळ शिल्पीच सांगू शकतो. प्रभाशंकरभाईंच्या ठायी या दोन्ही अधिकारांचा संगम झाला होता.

त्यांच्या जीवनकार्याचे शिखर म्हणजे सोमनाथ. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांनी या मंदिराच्या पुनर्निर्माणाचा संकल्प केला आणि त्याची रचना प्रभाशंकरभाईंकडे सोपविण्यात आली. ज्या सोमपुरावरून कुळाला नाव मिळाले, तेथेच मंदिर उभारण्याचे भाग्य त्यांना लाभले. कैलास महामेरू प्रासाद या प्रकारात त्यांनी त्याची योजना केली. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. तेव्हा सरदार हयात नव्हते आणि मंदिरही पूर्ण झालेले नव्हते. सुमारे १५५ फूट उंचीचे शिखर पुढील काळात चढले, आणि मंदिर राष्ट्रार्पण होण्यास १९९५ साल उजाडले. अनेक शतके खंडित झालेल्या एवढ्या मोठ्या निर्मितीची विद्या अजून जिवंत आहे, हे सोमनाथाने सिद्ध केले.

भारत सरकारने १९७३ मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. कौटुंबिक जीवनात मात्र नियती कठोर होती. पुत्र बळवंतराय बद्रीनाथ येथील जीर्णोद्धाराच्या कामावरून परतत असताना अपघातात निवर्तले. नातू चंद्रकांत यांना आजोबांनीच ही विद्या दिली. १९७८ मध्ये प्रभाशंकरभाईंनी देह ठेवला. पुढे चंद्रकांतभाईंनी अयोध्येच्या राममंदिराचा आराखडा केला आणि २२ जानेवारी २०२४ रोजी तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. मोतीशा टूंकेपासून अयोध्येपर्यंत एकाच घराण्याच्या हातांचा हा वारसा अखंड वाहत आला आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या चरित्राचे स्मरण विशेष उचित वाटते. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धारात आठपट पुण्य आहे, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु जीर्णोद्धार म्हणजे जुना दगड काढून चकचकीत संगमरवर बसविणे नव्हे. जुन्या कामातील माप, रेषा आणि भाव ओळखून त्याला हात लावणे, हाच खरा जीर्णोद्धार. त्यासाठी जाणत्या शिल्पीचा सल्ला घ्यावा, कामाचे आराखडे व छायाचित्रे संस्थेच्या दप्तरी जपावीत, आणि पुढचा शिलालेख कोरताना दात्यांच्या नावांखाली एक ओळ कारागिरांसाठीही राखावी. विश्वस्तपण केवळ द्रव्याचे नसते, विद्येचेही असते. आपल्याजवळचे ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, उलट वाटल्यानेच टिकते, हे प्रभाशंकरभाईंनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले. अर्धशतकाची वाटचाल पूर्ण करणाऱ्या आपल्या संस्थेला याहून मोठा आदर्श तो कोणता?

अशा या ज्ञानोपासक शिल्पश्रेष्ठास विनम्र अभिवादन!