एकटीचं मत

निवडणूक आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणी तरी ग्रुप सोडतंच. इकडच्या निवडणुकीतही आणि तिकडच्याही! अशा वेळी मला मोंटानाच्या जेनेट रँकिनची आठवण येते.

जन्म १८८० चा, मिसूलाजवळचा. भावंडांत ती थोरली. वेलिंग्टन हा एकुलता भाऊ, पेशानं वकील. बायकांच्या मताधिकारासाठी ती गावोगाव हिंडली. १९१४ ला मोंटानात तो मिळाला आणि १९१६ ला ती रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसवर निवडून गेली. अमेरिकेतली पहिली बाई! तेव्हा देशातल्या बऱ्याच राज्यांत बायकांना मतही नव्हतं. प्रचार सांभाळला वेलिंग्टननं, पैसाही त्याचाच.

२ एप्रिल १९१७ ला शपथ झाली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. भावानं परोपरीनं विनवलं की युद्धाच्या बाजूनं मत दे, नाहीतर राजकारण संपेल. मताधिकार चळवळीतल्या काही पुढारी बायकांनाही चळवळीची काळजी. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विरोधातच मत दिलं. ठराव ३७३ विरुद्ध ५० नं मंजूर. भावाचं म्हणणं खरं ठरलं. १९१८ ला ती सिनेटची निवडणूक हरली.

पण बहीण-भावात अबोला आला नाही. १९४० ला ती पुन्हा उभी राहिली, तेव्हाही वेलिंग्टन पाठीशी होताच, आणि ती जिंकली. मग ८ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरचा दुसरा दिवस. ३८८ विरुद्ध १. ते एक मत तिचं. लोक इतके खवळले की तिनं टेलिफोनच्या खोलीत आसरा घेतला आणि पोलिसांनी तिला ऑफिसात पोचवलं. अख्खा मोंटाना तुझ्या विरोधात आहे, असं भावानं स्पष्ट कळवलं. १९४२ ला ती उभीच राहिली नाही.

खरं सांगायचं तर तिचं १९४१ चं मत मलाही पटत नाही. समोर जपान होता. पण भावानं पुढेही तिला पैशाला कमी पडू दिलं नाही, हे मला मोठं वाटतं. गांधीजींच्या विचारांच्या ओढीनं ती अनेकदा भारतात गेली. १९६६ ला वेलिंग्टन वारला. १९६८ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, ती व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बायकांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला आली. १९७३ ला गेली.

तिचा पुतळा कॅपिटलच्या व्हिजिटर सेंटरमध्ये आहे. मागच्या निवडणुकीपासून दादा माझ्याशी फक्त आईच्या औषधांपुरतं बोलतो. उन्हाळ्यात तो इकडे येतोय. तिकिटं मीच काढलीत. त्याला तिथे नेणार आहे.