लीळाकार म्हाइंभट आणि त्यांचे जीवितकार्य

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्या लीळाचरित्राचा गौरव होतो, त्याचे कर्ते पंडित म्हाइंभट यांचे चरित्र उपदेशी वर्गाने निराळ्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. बुद्धी, विद्या, द्रव्य आणि कीर्ती ही चारही साधने हाती असूनही त्यांचे काय करावयाचे याचा निश्चय नसेल तर मनुष्य कसा भटकतो, आणि तो निश्चय झाल्यावर तीच साधने कोणत्या मोलाची ठरतात, हे या एकाच आयुष्यात दिसून येते.

म्हाइंभट मूळचे गोदातीरावरील सराळे या गावचे. गणपती आपयो यांच्यासारख्या ख्यातनाम विद्वानाच्या सहवासात त्यांचे अध्ययन झाले. तर्कशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा होता आणि त्या अधिकाराचा अभिमान त्याहूनही मोठा. आपल्या ज्ञानापुढे सूर्यप्रकाशही फिका, असे दाखविण्यासाठी ते भर दिवसा दिवटी पाजळून हिंडत, असे परंपरा सांगते. अशा पुरुषाभोवती माणसांची वाण नसते. वादात हरलेले, हरण्यास भिणारे आणि स्तुती करणारे असे तीन प्रकारचे लोक त्यांच्याभोवती होते. चौथा प्रकार, म्हणजे त्यांना त्यांच्याच हिताविषयी प्रश्न विचारणारा, त्यांना तोवर भेटला नव्हता.

तो योग डोमेग्रामी आला. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींना वादात जिंकावे या हेतूने म्हाइंभट तेथे गेले. त्या प्रसंगाचे मर्म असे की, मोक्ष आणि मुमुक्षू यांविषयी शास्त्रात जे सांगितले आहे ते त्यांनी उत्तम प्रकारे विशद केले. परंतु मुमुक्षूची ती लक्षणे स्वतः त्यांच्या ठिकाणी आहेत काय, असा प्रश्न येताच त्यांना नकार द्यावा लागला. शास्त्रार्थात झालेला पराभव पंडित विसरू शकतो. आपल्याच मुखाने दिलेला हा नकार मात्र विसरता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पराभव झाला त्याच दिवशी त्यांचे अनुसरण घडले नाही. बोध झाला, पण घर, द्रव्य आणि प्रतिष्ठा सुटली नाही. स्वामींचे सन्निधान उपलब्ध असतानाचा काळ असा निसटला, आणि सुमारे शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांच्यापाशी जावयाचे ते गेल्यावर जाग आली, ही हळहळ पुढे त्यांच्या सर्व कार्याच्या मुळाशी असावी असे मानण्यास जागा आहे. लीळाचरित्र लिहिणारा पुरुष हा बहुतेक लीळांचा प्रत्यक्ष साक्षी नव्हता. म्हणूनच साक्षींचे मोल त्याला कळले.

स्वामींच्या आज्ञेनुसार त्यांचा परिवार रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिला होता. वाशीम, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि अमरावती हे जिल्हे ज्यात येतात त्या वऱ्हाडात, वाशीमच्या ईशान्येस, आजच्या अमरावती जिल्ह्यात हे रिद्धपूर आहे. या वऱ्हाडाला लोकभाषेच्या सन्मानाची परंपरा जुनीच. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तेथील वाकाटक नृपती सर्वसेन याने चौथ्या शतकात हरिविजय हे काव्य संस्कृतात न रचता प्राकृतात रचले होते. म्हाइंभट या भूमीत आले, जवळचे द्रव्य श्रीप्रभूंच्या सेवेत वेचले आणि रिक्तहस्त होऊन आचार्य श्रीनागदेवांच्या आज्ञेत राहिले.

त्यांच्या कार्याचा उगम एका साध्या जिज्ञासेत आहे. आचार्य एकांती सतत कसले तरी मनन करीत असत. म्हाइंभटांनी विचारणा केली तेव्हा ते स्वामींच्या लीळांचे स्मरण असल्याचे कळले. ज्यांनी स्वामींना पाहिले ती माणसे एकेक करून जाणार, त्यांच्याबरोबर हे स्मरणही जाणार, हा विचार मनात येताच म्हाइंभटांना आपले कार्य सापडले. आचार्यांची अनुज्ञा घेऊन सुमारे शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास रिद्धपूर येथील वाजेश्वरीत त्यांनी लेखनास आरंभ केला.

आता त्यांच्याभोवतीची माणसे बदलली. महदाइसा, साधे, आबाइसा यांच्यासारख्या स्त्रिया, निरनिराळ्या गावी विखुरलेले भक्त, स्वामींची क्वचित एखादी भेट घडलेले सामान्य जन यांच्या शब्दाला तर्कपंडिताच्या दप्तरात आता प्रमाण म्हणून स्थान मिळाले. जी लीळा आचार्यांनी प्रत्यक्ष पाहिली नसेल, तिच्यासाठी जो साक्षी असेल त्याच्याकडे म्हाइंभट स्वतः चालत जात. सांगणाऱ्यांत मतभेद आढळला तर तो दडपण्याऐवजी ज्याचे म्हणणे त्याच्या नावे नोंदवीत. हा खरोखर नैयायिकाचाच काटेकोरपणा होय. विद्या टाकावी लागली नाही, तिचे तोंड तेवढे फिरवावे लागले. संस्कृतात लिहिणे त्यांना सहज साध्य होते. तथापि सांगणाऱ्याची बोली जशी होती तशीच त्यांनी राखली. म्हणून आजही त्या पानांतून तेराव्या शतकातील बाजार, पाकशाळा, वाटसरू आणि मठ यांचा बोलता आवाज ऐकू येतो.

श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांच्याही लीळा म्हाइंभटांनी याच पद्धतीने संकलित केल्या. त्या रिद्धपूरचरित्र या नावाने प्रसिद्ध आहेत. केशिराजबासांनी पुढे सूत्रपाठाची जी रचना केली तिचाही आधार लीळाचरित्रच.

देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडाले त्या धामधुमीच्या काळात लीळाचरित्राची मूळ पोथी लुटीत नाहीशी झाली. म्हाइंभटांच्या हातचे एक पानही उरले नाही. परंतु ज्यांनी तो ग्रंथ ऐकला, पाठ केला होता, ती माणसे होती. हिराइसा यांच्यासारख्या विलक्षण धारणेच्या स्त्रीने आणि इतर शिष्यांनी आपापल्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला, आणि म्हणूनच आज त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेली आवृत्ती अशाच पोथ्यांवरून सिद्ध झाली आहे.